ओट्याला दगड कोणता घ्यावा?

कापूस, सोयाबीन विकून हाती चार पैसे आले की घराचे काम निघते, आणि त्यात स्वयंपाकघराचा नंबर शेवटी लागतो. बैठकीची खोली सजते, पुढे लोखंडी फाटक लागते. पण घरची बाई जिथे निम्मा दिवस उभी असते, तो ओटा गवंड्याच्या मर्जीवर सोडतात. तेव्हा भगिनींनो, यंदा काम काढणार असाल तर ओट्याचे आधी ठरवा. घरधन्यालाही हे वाचून दाखवा.

आपल्या वऱ्हाडात दगडाला तोटा नाही. काळ्या मातीखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. पाटा-वरवंटा त्याचाच. पण तो कठीण आणि भेगाळलेला. त्याच्या पातळ, सरळ फरश्या सहज निघत नाहीत. म्हणून ओट्याचा दगड बाहेरून येतो. आंध्रातला कडप्पा, राजस्थानातला कोटा, कर्नाटकातली शहाबादी, हे तिन्ही चुनखडीचे. थराथराचे असल्याने स्वस्तात फरशी मिळते, पण चुनखडीचे आणि आंबटाचे वैर आहे. चिंचेचा कोळ, लिंबू, कैरी सांडून राहिली की डाग पडलाच. संगमरवर देखणा खरा, पण तोही त्याच गुणाचा, आणि वर हळद शोषून घेतो. ग्रॅनाइटला मात्र लिंबू-चिंच बाधत नाही.

दुकानात जाताना एक लिंबू आणि पांढरे फडके न्या. तुकड्यावर रस टाकून दहा मिनिटे थांबा. बुडबुडे आले किंवा चमक गेली तर तो ग्रॅनाइट नव्हे, दुकानदार काहीही म्हणो. फडक्याला थिनर लावून घासा. काळे उतरले तर दगडाला रंग दिलेला आहे.

सगळेच ग्रॅनाइटचे करण्याची गरज नाही. वरची फरशी तेवढी ग्रॅनाइटची घ्या. खालचे उभे आधार आणि डब्यांच्या फळ्या कडप्प्याच्या चालतात. जमिनीला कोटा बरा, पण गुळगुळीत घोटलेला नको, ओल्यात पाय घसरतो. आणि सासूबाईंचा पाटा अंगणात टाकू नका. मिक्सर आला तरी ठेचा पाट्यावरचाच. तो ओट्यावर हवा असेल तर त्याच्या खाली जमिनीपासून विटांचा खांब उचला, नाहीतर वरवंट्याच्या दणक्याने फरशी तडकेल.

उंचीचे माप गवंड्याच्या टेपावर सोडू नका. ताठ उभे राहून कोपर वाकवा. कोपराखाली चार ते सहा इंचांवर ओटा यावा. भाकर थापायला वरून जोर लागतो, आणि शेगडीवर पातेले चढले की हात खांद्याला येतो. म्हणून परातीची आणि शेगडीची बाजू आणखी तीन इंच खाली घ्या. कंबर आणि खांदे दोन्ही वाचतात. दोन उंच्यांचा ओटा दिसायला विचित्र वाटेल, वाटू द्या.

काळ्या मातीची खोड आपल्याला ठाऊकच आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. अशा भरावावर ओटा बांधला तर दोन वर्षांत भिंतीपाशी फट पडते आणि तिच्यात झुरळे वस्तीला येतात. माती काढून मुरूम भरा, पाणी मारून चोपा, मग बांधा.

दर्यापूर, अकोटकडच्या खारपाणपट्ट्यातल्या घरांना आणखी एक सांगणे. ओट्याखाली सळ्यांचा स्लॅब टाकणार असाल तर काँक्रीट गोड्या पाण्यातच कालवा. खाऱ्या पाण्याने आतली सळी गंजून फुगते आणि स्लॅब फुटतो. टँकर विकत घ्यावा लागला तरी ते स्वस्तच पडेल. पुढे रोजच्या धुण्याने काळ्या ग्रॅनाइटवर पांढरी खार चढते. ती काढायला फरशीचे ॲसिड आणू नका, सांध्यातले सिमेंट आणि खालचा कडप्पा दोन्ही खाते. रात्री शेवटचे भांडे झाले की ओटा कोरड्या फडक्याने पुसून घ्या, म्हणजे खार बसतच नाही.