मार्कंड्याची छपरे : शिळेपासून स्लॅबपर्यंत

छपराने ऊन, पाऊस, वारा अडवायचा आणि स्वतःचे ओझे भिंती-खांबांवाटे जमिनीत उतरवायचे. गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, उत्तरवाहिनी वैनगंगेच्या काठच्या मार्कंड्यात या कामासाठी हजारएक वर्षांत सामग्री अनेकदा बदलली.

सर्वांत जुने छत देवळाचे. नागर शैलीतल्या या देवळात गाभाऱ्यावर शिखर, मंडपावर दगडी छत. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. लांब शिळा मधोमध तडकते. म्हणून खांब जवळजवळ उभे करायचे, तुळयांवर शिळा टाकायच्या आणि एकेक थर पुढे सरकवत मधली जागा मिटवायची. असे छत वजनाच्या तोलावरच टिकते, आणि तोल ढळला की तेच वजन घात करते. १८७३-७४ च्या दौऱ्यानंतर पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी या देवळाचे वर्णन लिहिले, त्यात लोकांकडून कळलेली हकीकत आहे: वीज पडली आणि शिखराचा वरचा भाग महामंडपाच्या छतावर कोसळला.

गावातल्या घरांचे छप्पर जंगलातून येई. आड्यासाठी सागाचे लाकूड, त्यावर बांबूचे फाटे, वर गवत किंवा धानाची तणस. गवतात पाणी मुरण्याआधी ओघळून जावे म्हणून उतार जास्त ठेवत. गवत लवकर कुजते, शिवाय आगीचे भय. ज्याला जमले त्याने कवेलू घातले. कुंभार चाकावर एका टोकाला निमुळते नळकांडे काढतो, ओले असतानाच ते उभे चिरून दोन भाग करतो, वाळवतो आणि भट्टीत भाजतो. एक ओळ उताणी, तिच्या सांध्यांवर दुसरी पालथी. फटींतून चुलीचा धूर निघून जातो, आणि त्या धुरानेच बांबूला कीड कमी लागते. माकडांनी फोडलेले, सरकलेले कवेलू पावसाळ्याआधी फेरावे लागतात. पण त्यासाठी बाहेरचा गवंडी लागत नाही, घरचीच माणसे हे करतात. या छपराचा खरा मोठेपणा इथे आहे.

मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यातली खाचेची कौले पुढे सगळीकडे पसरली. ती सरकत नाहीत, पण त्यांना एकसारखे कापलेले लाकूड हवे. आणि लाकूड-बांबूवर तर वनखात्याचा ताबा आला होता; १९२७ च्या कायद्याने बांबूही झाडांत मोजला. याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने मिळाले, तोवर अनेक घरांवर टिनाचे आणि सिमेंटचे पत्रे चढले होते. टिन हलके, स्वस्त, झटपट बसते. पण उन्हात तापते आणि वादळात उडते.

२०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुल किमान २५ चौरस मीटरचे असते आणि त्यावर बहुधा स्लॅब पडतो. यात ताण लोखंडी सळ्या पेलतात, म्हणून मधे खांब लागत नाही. पाणी निघून जाण्यापुरता ढाळ दिला नाही, तर ते साचून मुरते आणि सळ्या गंजतात. दिवसभर शोषलेली उष्णता स्लॅब रात्री घरात सोडतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात ही मोठीच उणीव. उन्हाळ्याआधी वरून चुन्याचा पांढरा हात फिरवला, की ती बरीच कमी होते.