माहुलचे ‘आयसोम’

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, चेंबूरला खेटून माहुल हे जुने कोळी गाव आहे. इथे 1954 आणि 1955 साली दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. सत्तरच्या दशकात राष्ट्रीयीकरण होऊन त्यांचे हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाले. एवढे सर्वांना ठाऊक असते. कुंपणाच्या आत काय चालते, याबाबत मात्र खामगाव-मलकापूरच्या पंपावर गाडी लावणारा आणि चेंबूरकर सारखेच अनभिज्ञ.

भारत पेट्रोलियमच्या आवारात आयसोमरायझेशनचे युनिट आहे. कामगारांच्या तोंडी ते नुसते ‘आयसोम’. कच्च्या तेलातून निघणाऱ्या हलक्या नॅप्थात मुख्यतः पेंटेन आणि हेक्झेन असतात. त्यांचे सरळ साखळीचे रेणू ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच पेटतात आणि इंजिन ठोके देऊ लागते. ठोके रोखण्याची ताकद सांगणारा ऑक्टेन अंक सरळ हेक्झेनच्या बाबतीत जेमतेम 25. त्याच सहा कार्बन अणूंच्या साखळीला दोन फांद्या फुटल्या की तो नव्वदीपार जातो, आणि रेणूत एकही अणू वाढलेला नसतो.

फांद्या फोडण्याचे हे काम प्लॅटिनमयुक्त उत्प्रेरकावर, हायड्रोजनच्या सोबतीने होते. तापमान वाढवले तर वेग वाढतो, पण फांद्यांचे रेणू कमी मिळतात. म्हणून क्लोरीनयुक्त अ‍ॅल्युमिनाचा उत्प्रेरक साधारण 120 ते 180 अंशांवरच चालवतात. हा उत्प्रेरक मोठा सोवळ्यातला: पाण्याचा अंशही त्याला चालत नाही, म्हणून नॅप्था आणि हायड्रोजन दोन्ही आधी कोरडे करून घ्यावे लागतात. नॅप्थातले बेंझीनही इथे हायड्रोजन घेऊन निवते. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 पेट्रोललाही बेंझीनची 1 टक्क्याची मर्यादा असल्याने याला मोल आहे.

ऑक्टेनचा शेवटचा निवाडा प्रयोगशाळेतले एका सिलिंडरचे इंजिन करते. ते मिनिटाला 600 फेऱ्यांनी चालते, आणि चालू असतानाच त्यातला दाब कमी-जास्त करता येतो. दाब वाढवत ठोका पकडायचा, मग तो ज्ञात ऑक्टेनच्या मिश्रणांशी ताडून पाहायचा. एवढ्या संगणकांच्या गर्दीत या जुन्या वळणाच्या यंत्राचा मान टिकून आहे, हे विशेषच.

पेट्रोलमधल्या बेंझीनला लगाम बसला. कुंपणाबाहेरच्या हवेचे गाऱ्हाणे मात्र न्यायालयात गेले. माहुलला आणून वसवलेल्या प्रकल्पग्रस्तांना दुसरीकडे राहता यावे म्हणून घरभाडे द्या, असे 2019 साली मुंबई उच्च न्यायालयाला राज्य सरकारला सांगावे लागले.