महाराजबागेतील धनेश

१९६० पासून राज्य विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बहुधा नागपुरास भरत आले आहे. त्या निमित्ताने डिसेंबरात मुंबईहून अधिकारी, पत्रकार, कारकून असा मोठा परिवार येथे येतो. दिवस कामात जातो. परंतु ज्याला सकाळचा एक तास मोकळा मिळेल, त्याने महाराजबागेत जावे. भोसल्यांच्या काळची ही बाग भर शहरात आहे. दुर्बीण असल्यास उत्तम. नसल्यास डोळे व कान पुरेत.

'टुक् टुक्' असे ठोके ऐकू आले, की तांबट जवळच आहे असे समजावे. हा हिरवा, इवलासा पक्षी पानांत सहसा दिसत नाही. राखी धनेश मात्र घारीएवढा असतो. वड, पिंपळ पिकले, की तो फळे खावयास येतो.

तांबट वाळक्या फांदीत चोचीने ढोली कोरतो. धनेशाला ते साधत नाही. त्याला जुन्या वृक्षाची आयती ढोली लागते. उन्हाळ्यात मादी तीत शिरते व विष्ठेने दार लिंपून घेते. उरलेल्या अरुंद फटीतून नर तिला फळे भरवतो. या दिवसांत तिची पिसे गळतात, त्यामुळे तिला उडताही येत नाही. अशा वेळी रस्ता रुंद करण्यासाठी तो वृक्ष तोडला, तर ती पळणार कोठे? त्याच्या जागी रोप लावले तरी त्यात ढोली पडावयास कित्येक दशके लागतात.

डिसेंबरातील पाहुण्याला हा संसार दिसत नाही. जुन्या खोडावरील रिकामी ढोली तेवढी दिसते.