आंकड्यांची मूळ प्रत व तिची राखण

आमचे बहुतेक वाचक पोथ्या व कागदपत्रें जमविणारे आहेत. अर्थशास्त्रज्ञांनीं संगणकावर आंकडे कसे ठेवावे, हा विषय त्यांस प्रथमदर्शनीं परका वाटेल. परंतु जमाखर्च, बाजारभावांच्या यादी व वसुलाचे हिशेब यांचा उपयोग आर्थिक इतिहासाचे अभ्यासक करीत असतात. आणि रुमालांतला आंकडा एकदां कोष्टकांत गेला म्हणजे पुढें त्याचें काय होतें, हें त्या कागदाच्या धन्यास ठाऊक असणें इष्ट आहे. शिवाय यांतील मुख्य प्रश्न पाठचिकित्सेचाच आहे, असें आमचें मत आहे.

प्रथम एक गाजलेलें प्रकरण सांगतों. इ. स. २०१० मध्यें कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या दोन नामांकित अर्थशास्त्रज्ञांनीं ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकांत एक निबंध प्रसिद्ध केला. वीस प्रगत देशांचे १९४६ पासून २००९ पर्यंतचे आंकडे घेऊन त्यांनीं असें मांडलें कीं, सरकारी कर्ज देशाच्या वार्षिक उत्पादनाच्या शेंकडा ९० च्या वर गेलें म्हणजे वाढ खुंटते. अशा वर्षांतील वाढीची सरासरी त्यांच्या कोष्टकांत शेंकडा उणें ०.१ आली होती. अमेरिकेंत पॉल रायन यांनीं व युरोपांत आयुक्त ओली रेन यांनीं सरकारी खर्चाला आळा घालण्याच्या धोरणास या निबंधाचा आधार घेतला. तेव्हां हा केवळ पंडितांचा वाद राहिला नव्हता. लोकांच्या चाकऱ्या व निवृत्तिवेतनें त्यांत गुंतलीं होतीं.

पुढें मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अॅम्हर्स्ट येथील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्यानें वर्गांतील अभ्यास म्हणून हें गणित पुन्हा करून पाहिलें, तें त्यास जुळेना. त्यानें मूळ लेखकांस लिहिलें व त्यांनीं आपलें एक्सेलमधील कोष्टक त्याच्याकडे पाठवून दिलें. ही गोष्ट त्यांस भूषणावह आहे. आपली पोथी परक्यास दाखविण्यास नाखूष असणारे गृहस्थ आमच्याही परिचयाचे आहेत. एप्रिल २०१३ मध्यें हर्नडन व त्याचे अध्यापक मायकेल अॅश आणि रॉबर्ट पॉलिन यांनीं आपली तपासणी जाहीर केली. सरासरीचें सूत्र ३० ते ४९ या वीस ओळींचें असावयास हवें होतें, तें ३० ते ४४ या पंधराच ओळींचें पडलें होतें. त्यामुळें ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा व डेन्मार्क हे पांच देश गळाले. न्यूझीलंडचा आंकडा एका पानावरून दुसऱ्यावर उतरतांना उणें ७.६ चा उणें ७.९ झाला. पोथ्यांशीं ज्यांचा संबंध आहे त्यांस हे दोन्ही प्रमाद चांगले परिचित आहेत. लेखनिकाच्या हातून ओळी गळतात, अक्षर बदलतें. दोष हेतूचा नसून नजरेचा असतो.

परंतु बाकीच्या गोष्टी या जातीच्या नव्हत्या. तीन देशांचीं महायुद्धोत्तर कांहीं वर्षें हिशेबांत घेतलीं गेलीं नव्हतीं. आणि ब्रिटनच्या १९ वर्षांच्या सरासरीस जें वजन, तेंच न्यूझीलंडच्या १९५१ या एकट्या वर्षास दिलेलें होतें. तपासनिसांच्या हिशेबानें खरी सरासरी शेंकडा २.२ भरली. या फरकांत गळालेल्या ओळींचा वांटा अवघा ०.३ होता. मूळ लेखकांनीं ओळींची चूक मान्य केली, मात्र वजनाच्या पद्धतीचें त्यांनीं समर्थन केलें व कर्ज वाढतें तशी वाढ मंदावते हा आपला मुख्य आग्रह सोडला नाहीं. वर्तमानपत्रांनीं गळालेल्या ओळींचीच थट्टा केली. आमच्या मतें अधिक विचार करण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. संपादकानें केलेली पाठनिवड योग्य कीं अयोग्य याचा वाद होऊं शकतो. पण ती कोठें केली हें वाचकास दिसलेंच नाहीं, तर वाद तरी कशाचा करावा? येथें तो वाद उभा राहण्यास तीन वर्षें लागलीं.

भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सित आवृत्ति काढली, तींत संहितेखालीं पाठभेद दिलेले आहेत, आणि जो पाठ पुरता निश्चित नाहीं त्याखालीं नागमोडी रेघ आहे. आंकड्यांच्या कामांतही नेमकें हेंच हवें. हातीं आलेलें मूळ कोष्टक जसेंच्या तसें वेगळें ठेवावें व त्यांत पुन्हा एक अक्षरही बदलूं नये. उघड चूक दिसली तरी नाहीं. दुरुस्ती करावयाची ती आज्ञावलींत लिहावी, म्हणजे कोणती ओळ, कोणत्या कारणानें, कशी बदलली याचा लेख आपोआप राहतो. हातानें खोडून लिहिलेल्या आंकड्याचा असा मागमूस राहत नाहीं. मूळ आंकड्यांपासून निबंधांतील शेवटच्या कोष्टकापर्यंतचा सर्व प्रवास एका आज्ञेसरशीं पुन्हा करतां आला पाहिजे. प्रत्येक टप्प्यावर मोजणीही आज्ञावलीनेंच करावी. ‘देश वीस न भरल्यास थांब’ एवढी एक ओळ वरील प्रकरणांत असती, तर पांच देश गळाल्याचें त्याच दिवशीं कळलें असतें. शाळेंत रीत न दाखवितां नुसतें उत्तर लिहिणाऱ्या मुलास आम्ही गुण देत नसूं, त्यांतलाच हा प्रकार.

आपल्याकडील कागदांत तर याहून बारीक खांचा आहेत. तीन रुपये आठ आणे ही रक्कम कोणी ‘३.८’ अशी लिहिली व तीन रुपये बारा आणे ‘३.१२’ अशी, म्हणजे यंत्र पहिली रक्कम मोठी समजतें. ‘३-८’ असें लिहावें, तर एक्सेल तिची तारीख करून टाकतें. याच खोडीमुळें २०२० सालीं मानवी जनुकांच्या कांहीं नांवांत बदल करणें शास्त्रज्ञांस भाग पडलें. यंत्र सुधारण्यापेक्षां नांवें बदलणें त्यांस सोपें वाटलें! उलट जेथें खरोखरच तारीख असते तेथें हेंच एक्सेल इ. स. १९०० पूर्वीची तारीख ओळखीत नाहीं, आणि १९०० सालीं नसलेला २९ फेब्रुवारी मात्र खुशाल मान्य करतें. म्हणून रुपये, आणे व पै यांस तीन स्वतंत्र स्तंभ द्यावे. दिवस, महिना व वर्ष यांसही तसेच.

सनांची तीच गोष्ट. सुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, कारण तें वर्ष मृगारंभीं पालटतें. सन इहिदे सितैन, म्हणजे ११६१, हें पानिपतचें वर्ष. त्याचा आरंभ १७६० मध्यें व अखेर १७६१ मध्यें. उतरवून घेणारानें मनांतल्या मनांत बेरीज करून इसवी सन तेवढा लिहिला, तर त्यानें कोणता आंकडा मिळविला हें पुढें कोणीही सांगूं शकत नाहीं. कागदावरील सन एका स्तंभांत जसाच्या तसा असावा आणि रूपांतर शेजारच्या स्तंभांत, तेंही आज्ञावलीनें केलेलें. खंडीचे वीस मण खरे, पण मणाचें वजन गांवोगांव निराळें. तेव्हां गांवाचें नांव सोडून नुसते शेर करून ठेवणें म्हणजे मूळ पाठ पुसून टाकणेंच होय. संशयित वाचनास वेगळा स्तंभ असावा. हीच आमची नागमोडी रेघ.

फाईलींच्या नांवांविषयीं थोडें. ‘अंतिम’, ‘अंतिम नवी’, ‘अगदीं अंतिम’ अशा नांवांच्या प्रती एकाच खात्यांत पाहिल्या म्हणजे पुष्पिका नसलेल्या पोथ्यांची आठवण होते. २००५ सालीं लिनस टॉर्वल्ड्स यांनीं रचलेलें ‘गिट’ नांवाचें साधन प्रत्येक नोंदीबरोबर कोणी, केव्हां व काय बदललें हें टिपून ठेवतें. मॅथ्यू जेंट्सकाउ व जेसी शापिरो या अर्थशास्त्रज्ञांनीं २०१४ मध्यें आपल्या शास्त्राच्या संशोधकांसाठीं अशा संवयींचें एक मार्गदर्शक लिहिलें, तें होतकरू अभ्यासकांनीं अवश्य वाचावें.

ही जाणीव अगदीं नवी नाहीं. ‘इकॉनोमेट्रिका’ हें नियतकालिक १९३३ सालीं निघालें, तेव्हांच रॅग्नर फ्रिश यांनीं मूळ आंकडे शक्यतों छापण्याचें धोरण जाहीर केलें होतें. तें फारसें पाळलें गेलें नाहीं. १९८६ मध्यें ड्यूवाल्ड, थर्स्बी व अँडरसन यांनीं एका नियतकालिकांतील निबंधांचे आंकडे मागवून गणितें पुन्हा करून पाहिलीं, तेव्हां चुका विरळा नसून नित्याच्या आहेत असें त्यांस आढळलें. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशननें २०१९ पासून निबंध छापण्यापूर्वीं आंकडे व आज्ञावली तपासण्याची पद्धत ठेविली आहे.

संग्राहकांनीं आपले कागद अभ्यासकाच्या हातीं देतांना दोन अटी घालाव्या असें आम्ही सुचवितों. पहिली ही कीं, कोष्टकाच्या प्रत्येक ओळींत रुमालाचा क्रमांक व पानाचा क्रमांक असावा. दुसरी ही कीं, काम संपल्यावर मूळ कोष्टकाची एक प्रत, आज्ञावलीसह व स्तंभांचा अर्थ सांगणाऱ्या टिपणासह, संग्राहकाकडे परत यावी. तें टिपण साध्या मजकुराच्या फाईलींत असल्यास उत्तम, म्हणजे तें वाचण्यास विशिष्ट यंत्राची गरज पडत नाहीं. दोन प्रती दोन निराळ्या जागीं ठेवाव्या, व मूळ कागद पुन्हा फडक्यांत बांधण्यापूर्वीं कोष्टकांतील दहा-वीस ओळी त्याच्याशीं ताडून पाहाव्या.