झाडाला गणवेश नसतो

युद्धचित्र म्हटले की उधळलेले घोडे, उगारलेल्या तलवारी आणि विजयी सेनापती डोळ्यांपुढे उभे राहतात. पॉल नॅश या इंग्लिश चित्रकाराने मात्र एका चित्रात पहिल्या महायुद्धाची भीषणता एकही सैनिक न रंगविता प्रकट केली. १९१७ च्या वसंत ऋतूत तो बेल्जियममधील ईप्रच्या आघाडीवर अधिकारी होता. खंदकात पडून बरगडी मोडल्याने तो मायदेशी परतला आणि त्याच वर्षी सरकारनियुक्त चित्रकार म्हणून पुन्हा तेथे गेला. तोवर तोफगोळ्यांनी व पावसाने त्या भूमीचा चिखल झाला होता.

‘आम्ही नवे जग घडवीत आहोत’ हे त्याचे १९१८ सालचे चित्र लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. तांबूस ढगांच्या रांगेवरून फिकट सूर्य वर येतो. खाली निष्पर्ण, छिन्न बुंधे आणि थडग्यांसारखे मातीचे उंचवटे. प्रेत कोठेही नाही. ते असते, तर गणवेशावरून ते स्वकीयाचे की शत्रूचे हे पाहून प्रेक्षकाने शोक वा समाधान मानले असते. झाडाला गणवेश नसतो. म्हणूनच हे चित्र पक्ष घेण्याची मुभा देत नाही.

शीर्षकातील ‘आम्ही’ हा शब्द त्यामुळेच बोचतो. ज्या शासनाने चित्रकाराला धाडले, त्याच्याच पदरात हा उपरोध पडला. येथे सूर्योदयही आशा घेऊन येत नाही. माणसाने रात्रीत काय केले, तेवढे तो उजेडात आणतो. मृतांचे आकडे वाचून सरावलेल्या मनाला ही मुकी भूमी अधिक काळ अस्वस्थ ठेवते.