उघडा सातबारा

रत्नागिरी जिल्ह्यात जमिनीचा तुकडा काही गुंठ्यांचा असला, तरी त्याच्या सातबाऱ्यावर नावांची रांग असू शकते: भाऊ, चुलते, सासरी गेलेल्या बहिणी, मुंबईतले चाकरमानी, वारसनोंदीअभावी राहून गेलेले मयत. ‘इतर अधिकार’ या रकान्यात सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, एखाद्या दाव्याची नोंद. कुटुंबाची नाती, मिळकत आणि कर्ज असे एकाच कागदावर वाचता येते. वैयक्तिक माहितीची चर्चा मोबाइलपाशीच थांबली, की हा कागद नजरेतून सुटतो.

सातबारा गुप्त कधीच नव्हता आणि नसावाही. मालक कोण आणि बोजा किती, हे घेणाऱ्याला कळले नाही तर फसवणुकीला रान मोकळे. पण पूर्वी तो पाहायला तलाठ्याकडे जावे लागे, आणि कोण कुठल्या जमिनीची चौकशी करून गेला हे गावाला कळायला वेळ लागत नसे. ही अडचण हेच जमीनमालकाचे कुंपण होते. महाभूलेख संकेतस्थळावर आता जिल्हा, तालुका, गाव निवडून नुसत्या नावानेही शोध घेता येतो. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. त्यासाठी चाकरमान्याला रजा टाकून गावी यावे लागत नाही, ही सोय मोठीच. मात्र कोणता हिस्सेदार कर्जात आहे, हे दलालालाही घरबसल्या कळते.

विखुरलेली माहिती एकत्र आली की तिचे स्वरूप बदलते, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच मान्य केले होते. ठिकठिकाणच्या न्यायालयांत कोणालाही पाहता येणाऱ्या गुन्हेनोंदींचे एकत्रित संकलन मागितले गेले, तेव्हा त्यात खासगीपणाचा प्रश्न आहे, असे त्याने ठरवले. भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम. कंपन्यांवरची मुख्य बंधने मे २०२७ पासून लागू व्हायची आहेत; दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये.

सातबाऱ्याला मात्र या कायद्याचा फारसा आधार नाही. कायद्यानेच जाहीर करावी लागणारी माहिती त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. सरकारी अनुदान वा लाभ देण्यासाठी शासन माहिती वापरते, तेव्हा दरवेळी संमतीची गरज नाही. अ‍ॅग्रिस्टॅक योजनेतला शेतकरी ओळख क्रमांक आधारशी आणि जमिनीच्या नोंदींशी जोडलेला आहे. त्यामुळे विखुरलेल्या नोंदी जुळवायला आणखी एक दुवा तयार झाला आहे. याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(जे) बदलले. व्यापक जनहितासाठी वैयक्तिक माहिती देण्याची त्यातली मुभा गेली, कलम ८(२) मधली सर्वसाधारण तरतूद तेवढी उरली. अधिकाऱ्याविषयीची माहिती ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारणे सोपे झाले आणि आंबा बागायतदाराचे कर्ज उघड्यावरच राहिले, हा उलटा न्याय आहे.

दाखला बंद करणे हा यावरचा उपाय नव्हे. एस्टोनियात शासनाच्या अनेक नोंदवह्यांमधली आपली माहिती कोणी पाहिली, हे नागरिकाला स्वतःच्या खात्यात दिसते. महाभूलेखवर अशी नोंद खातेदाराला दिसू लागली, तर मुंबईतल्या हिस्सेदारालाही आपल्या जमिनीची चौकशी कोण करते आहे ते व्यवहार होण्याआधी कळेल. नावावरून होणाऱ्या शोधावर मर्यादा घालून गट क्रमांकाचा शोध खुला ठेवला, तरी खऱ्या खरेदीदाराचे काही अडत नाही.