क्रमशः

गोष्ट रंगात आलेली असते. नायक दरीच्या काठावर उभा असतो. त्याच्या पायाखालचा दगड सुटू लागतो. पुढे काय झाले हे पाहायला तुम्ही अधीर होता आणि पानाच्या तळाशी एकच शब्द दिसतो : 'क्रमशः'.

क्रमशः म्हणजे क्रमाने, एकामागून एक. उर्दू मासिकांत याच जागी 'बाकी आइंदा' असे छापतात. दोन्हींचा अर्थ एकच : गोष्ट संपलेली नाही, पुढचा भाग पुढच्या वेळी. हा शब्द वाचून कोणी चिडतो, कोणी हळहळतो, तर कोणी पुढे काय होईल याचा अंदाज बांधू लागतो. एका लहानशा शब्दाने असे का व्हावे?

गोष्ट ऐन वेळी थांबवण्याची युक्ती फार जुनी आहे. 'अलिफ लैला'मधील शहरजाद तुम्हांला माहीत असेलच. बादशहा शहरयार रोज नवे लग्न करी आणि सकाळ होताच बेगमेला ठार मारण्याचा हुकूम देई. शहरजादने रात्री गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि पहाट होताच ती अर्ध्यावर थांबवली. पुढचे ऐकायचे होते, म्हणून बादशहाने तिला आणखी एक दिवस जगू दिले. अर्धी राहिलेली गोष्ट हीच तिची ढाल झाली.

छापखाने आल्यावर ही युक्ती कागदावर उतरली. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून 'तिलिस्मे होशरुबा' ही दास्तान अनेक खंडांत छापली. पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले आणि पुढचे अहमद हुसैन कमर यांनी. लेखक बदलला, पण गोष्ट थांबली नाही. वाचक पुढच्या खंडाची वाट पाहतच होते.

आता आपल्या खानदेशाकडे या. बोदवडहून जळगावमार्गे धुळ्याकडे जाताना वाटेत पारोळा लागते. या गावी १८६४ साली हरी नारायण आपटे यांचा जन्म झाला. आधुनिक मराठी कादंबरीचा पाया त्यांनी घातला. १८९० साली त्यांनी पुण्यात 'करमणूक' नावाचे साप्ताहिक सुरू केले. 'पण लक्षात कोण घेतो?' ही त्यांची गाजलेली कादंबरी त्यात थोडी थोडी छापली गेली. यमू नावाची मुलगी या कादंबरीत आपली दुःखाची कहाणी स्वतः सांगते. वाचकांना ती कहाणी एका बैठकीत नव्हे, तर भागाभागाने कळत गेली. शेजारच्या घरातील मुलीची खुशाली कळावी, तशी!

कादंबरी अशी तुकड्यांनी का छापत? साप्ताहिकाची पाने मोजकी असतात. पूर्ण पुस्तक महाग पडते, पण एक अंक थोड्या पैशांत मिळतो. शिवाय पुढचा अंकही खपावा, ही संपादकाची इच्छा असतेच. म्हणून भाग संपवताना लेखक वाचकाच्या मनात एक प्रश्न ठेवून जातो.

चित्रकथेत हा प्रश्न डोळ्यांना दिसतो. मराठी चित्रकथा डावीकडून उजवीकडे वाचतात. त्यामुळे पानाची शेवटची चौकट खाली उजव्या कोपऱ्यात येते. उर्दूत ती खाली डाव्या कोपऱ्यात येईल. जपानी चित्रकथाही उर्दूप्रमाणे उजवीकडून डावीकडे वाचतात. कोपरा कोणताही असो, चित्रकार त्या शेवटच्या चौकटीत काहीतरी अर्धे ठेवतो. दार उघडते, पण आत कोण आहे ते दिसत नाही. कोणीतरी दचकून मागे पाहतो, पण त्याने काय पाहिले ते पुढच्या पानावर असते.

बेल्जियम देशातील एर्जे या चित्रकाराने टिनटिन नावाच्या तरुण बातमीदाराच्या चित्रकथा काढल्या. त्यांपैकी चंद्रावरील सफरीची कथा दोन पुस्तकांत आहे. पहिले पुस्तक १९५३ साली निघाले. त्याच्या शेवटी टिनटिन आणि त्याचे सोबती यानात बसून आकाशात झेपावतात. पण वेगाच्या दाबाने सगळे बेशुद्ध पडतात. पृथ्वीवरून त्यांना पुन्हापुन्हा हाका मारल्या जातात. यानातून उत्तर येत नाही. इथेच पुस्तक संपते! दुसरे पुस्तक १९५४ साली आले.

त्याआधी हीच कथा एका साप्ताहिकातून येत होती. १९५० साली एर्जे यांची प्रकृती बिघडली आणि कथा मध्येच बंद पडली. सुमारे दीड वर्ष ती आलीच नाही. वाचकांनी संपादकांना पत्रे लिहून कारण विचारले. चित्रकार मरण पावला, अशी अफवाही उठली. अखेर १९५२ साली कथा पुन्हा सुरू झाली.

उर्दू वाचकांनीही अशी वाट पाहिली आहे. 'जासूसी दुनिया'चे लेखक इब्ने सफी १९६० ते १९६३ या काळात आजारी होते. ते बरे झाल्यावर 'डेढ मतवाले' ही कादंबरी आली, तेव्हा वाचकांच्या त्यावर उड्या पडल्या. तुमच्या दादा-नानांना विचारा. त्यांच्यापैकी कोणीतरी या लेखकाची पुस्तके नक्की वाचली असतील.

या वाचकांची चिडचिड खोटी नव्हती. आपण ज्याच्यावर जीव लावतो, त्याचीच काळजी करतो. टिनटिन कागदावरचा मुलगा आहे हे ठाऊक असूनही, तो सुखरूप परत येईल ना, या विचाराने वाचक बेचैन झाला. दुसऱ्याच्या संकटाने असे बेचैन होणे ही चांगलीच गोष्ट आहे.

मात्र प्रत्येक 'क्रमशः' सारखा नसतो. काही लेखक उगाच भीती घालतात. नायकावर बंदूक रोखलेली दाखवतात आणि पुढच्या भागात म्हणतात, ते तर स्वप्न होते! असे दोनदा झाले की वाचकाचा विश्वास उडतो. चांगला लेखक उत्तराची खूण आधीच कुठेतरी ठेवतो. पुढचा भाग वाचल्यावर आपण मागची पाने चाळतो आणि म्हणतो, "अरे, हे तर इथेच होते!" 'क्रमशः' म्हणजे लेखकाने वाचकाला दिलेले वचन आहे. ते पाळणे लेखकाचे काम आहे.

वाचकाचेही काम असते. समजा, शाळेच्या ग्रंथालयातून तुम्ही पहिला भाग नेला आणि दुसरा भाग वर्गातील दुसऱ्या मुलाकडे आहे. मग नुसते चडफडू नका. पुढे काय होईल, ते वहीत चार ओळींत लिहून ठेवा. दुसरा भाग हाती आल्यावर तुमचा अंदाज ताडून पाहा. तो चुकला तरी हरकत नाही. लेखकाने ठेवलेली कोणती खूण आपल्या नजरेतून सुटली, ती शोधा. आणि शेवट तुम्हांला आधी कळला, तर तो मित्राला सांगू नका. त्याचा आनंद त्याला घेऊ द्या.

मराठी ही तुमच्या घरची भाषा नसेल. वाचताना एखादा शब्द अडेल. पण पुढे काय झाले, हे कळण्याची ओढ असली की अडलेला शब्दही ओळीच्या संदर्भाने उलगडत जातो. म्हणून गोष्ट अर्ध्यावर थांबली तरी तुम्ही थांबू नका. पुढचा भाग शोधा.

शब्दार्थ
अधीर – उतावळा
दास्तान – लांबलचक, अद्भुत कथा
खुशाली – हालहवाल
अफवा – खरी-खोटी न पारखता पसरलेली बातमी
चडफडणे – मनातल्या मनात चिडणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'क्रमशः' या शब्दाचा अर्थ काय?
(आ) हरी नारायण आपटे यांचा जन्म कोठे झाला?
२. 'अर्धी राहिलेली गोष्ट हीच तिची ढाल झाली', असे लेखात का म्हटले आहे?
३. वाक्यात उपयोग करा : जीव लावणे, विश्वास उडणे, उड्या पडणे.
४. तुम्हांला आवडलेली एक गोष्ट ऐन रंगात थांबवून आठ ओळींत लिहा. पुढे काय झाले असेल, ते शेजारच्या मित्राला किंवा मैत्रिणीला लिहायला सांगा.